तळमजल्यावरचं सिंक

आमच्या इमारतीत चार मजल्यांच्या सिंकचं पाणी एकाच उभ्या पाइपातून खाली येतं आणि आमच्या तळमजल्यावरच्या ओट्यामागे चेंबरकडे, म्हणजे बाहेरच्या झाकण असलेल्या सांडपाण्याच्या हौदाकडे, वळतं. त्या वळणावर काही अडकलं तर वरच्यांना पत्ताही लागत नाही. त्यांचं पाणी सुरळीत उतरतं आणि आमच्या सिंकमध्ये वर चढतं. भाताची शितं, चहाचा चोथा, त्यावर तुपाचा पांढरट थर. म्हणून हे कळकळीने लिहितेय, विशेषतः वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांसाठी.

सिंक तुंबलं की लगेच दुकानातल्या पावडरीकडे धावू नका. आधी तुंबलंय कुठे ते बघा. फक्त आपल्याच सिंकचं पाणी हळू उतरत असेल तर घोटाळा बहुतेक वेळा सिंकखालच्या बॉटल ट्रॅपमध्ये, म्हणजे गाळ साठणाऱ्या बाटलीसारख्या भागात, असतो. खाली बादली ठेवायची, ट्रॅपची बाटली हाताने फिरवून काढायची, गाळ ओतून आतून ब्रश मारायचा आणि वायसर नीट बसवून परत लावायची. पण आपला नळ बंद असताना सिंकमध्ये पाणी वर येत असेल तर चोकअप पुढच्या सामाईक लाइनमध्ये आहे. मग बाहेरच्या चेंबरचं झाकण उघडून पाहावं. चेंबर काठोकाठ भरलं असेल तर अडथळा त्याच्या पुढे, रिकामं असेल तर घर आणि चेंबरच्या मधे. स्प्रिंग मारायला, म्हणजे पाइपात लांब लवचीक तार घालून अडथळा काढायला, येणाऱ्या माणसाला एवढं सांगता आलं तरी त्याची बरीच खटपट वाचते.

न्हाणीघराचं दुखणं वेगळं. नहाणी ट्रॅपवरची, म्हणजे पाणी जाण्याच्या भोकावरची, जाळी उचलून तारेचा आकडा आत घातला की करडा, बुळबुळीत, केसांचा लांबच लांब झुबका बाहेर येतो. हात लावायला नको वाटतं, पण तो निघताच साठलेलं पाणी गटगट आवाज करत उतरतं. नुसते केस एवढे घट्ट होत नाहीत. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा न विरघळणारा साका होतो आणि त्यात डोक्याचं तेल मिसळतं. खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठतं. पुण्याच्या थंडीत बाटलीत जे होतं तेच ट्रॅपमध्येही होतं. त्यात दिवाळीच्या पहाटे सगळं घर तेल-उटणं लावून एकापाठोपाठ न्हातं. आम्ही त्या दिवसांत जाळीवर मच्छरदाणीचा तुकडा पसरतो आणि प्रत्येकाची अंघोळ झाली की झटकून कचऱ्यात टाकतो. शेवटी दोन बादल्या गीझरचं गरम पाणी. उकळतं पाणी मात्र नको, पीव्हीसीचे पाइप त्याने मऊ पडतात आणि सांधे सुटतात.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस बघायला छान वाटतो, पण त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू, पाणी आणि एक साधा क्षार एवढंच उरतं. घट्ट बसलेल्या गोळ्याला त्याचं काही होत नाही. कॉस्टिक सोडा खरंच काम करतो, तेला-तुपाचा साबण करून टाकतो. म्हणूनच त्याला जपून हाताळायला हवं. हातमोजे आणि चष्मा हवाच, बादली प्लॅस्टिकची हवी, ॲल्युमिनियमचं भांडं जवळपासही नको. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा सोडा. सोड्यावर पाणी ओतलं तर ते उसळून अंगावर उडतं. पाणी मुळीच उतरत नसेल तर सोडा ओतूच नका, तो तिथेच साचून राहतो आणि नंतर हात घालणाऱ्याचे हात भाजतात. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच तर कधीच एकत्र करायचं नाही, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

खरं काम ओट्यावरच होतं. तेलकट कढई आधी वर्तमानपत्राने पुसून मग घासायला टाकावी. कणकेची परात भिजवून ते पाणी सिंकमध्ये सोडू नये, सुकलेलं पीठ खरवडून काढावं. चहाचा चोथा कुंडीत जावा. तळणीचं उरलेलं तेल डब्यात साठवावं. घरात फरशीचं काम चालू असेल तर पांढऱ्या सिमेंटचं पाणी मोरीत जाऊ देऊ नका, ते आत दगड होऊन बसतं आणि मग पाइप फोडावाच लागतो.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या सोसायट्यांमध्ये लाइन भरली की अजूनही 'कोणाला तरी आत उतरवा' असं सहज म्हटलं जातं. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. आत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठलेला असू शकतो. सुरुवातीला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, प्रमाण वाढलं की नाकाला तो कळेनासा होतो आणि माणूस जागीच कोसळतो. अशा मृत्यूंसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये 10 लाखांवरून 30 लाख केली. पैशाने तो माणूस घरी परत येत नाही. आमच्या वार्षिक सभेत मी यावर अडून बसले. आता पावसाळ्याआधी आणि दिवाळीआधी जेटिंगची गाडी बोलावतात, सगळी झाकणं उघडून वरूनच पाण्याचा मारा करतात, आणि खर्च तळमजल्यावर न टाकता सगळ्या फ्लॅटांत सारखा वाटला जातो.