तुम्ही विचारलंत म्हणून: मुलीची शाळा चांगली होती का?

"तुमची मुलगी कॉर्पोरेशनच्या शाळेत होती ना? चांगली होती का हो शाळा?"

बडोद्यात हा प्रश्न मला कोणीही, कुठेही विचारतं. हळदीकुंकवाला विचारतात, खंडेराव मार्केटात भाजी निवडता निवडता विचारतात. हल्ली कोणाकडून तरी माझा नंबर मिळवून अनोळखी आईबापांचेही फोन येतात. त्यांचं मूल सहा वर्षांचं होत आलेलं असतं, जूनच्या आत ठरवायचं असतं आणि माझ्याकडून एका शब्दात उत्तर हवं असतं. मी अडखळले की त्यांना वाटतं, ही काहीतरी लपवते आहे. नातेवाइकांना वाटतं, हिला पस्तावा होतोय पण कबूल करवत नाही.

पस्तावा नाही. आणि पैशांची ओढाताण होती म्हणून तिला तिथे घातलं, असंही नाही. शाळा घरापासून चालत जाण्याइतकी जवळ होती, मराठी माध्यमाची होती आणि पहिलीच्या बाई मुलांशी बोलताना खाली वाकून, त्यांच्या तोंडाकडे बघून बोलायच्या. तेवढ्यावर मी ठरवलं. तत्त्वासाठी पोरीचं नुकसान केलं, असं माझ्या तोंडावर म्हणणारे होते आणि आहेत. त्यांना मी आता उत्तर देत नाही.

माझं भांडण दुसऱ्यांशी आहे, माझी बाजू घेणाऱ्यांशी. "बघा, तुमची मुलगी तिथेच शिकली आणि आज किती छान चाललंय तिचं. म्हणजे शाळा चांगलीच असणार!" हे प्रेमाने म्हणतात, पण मला ते सहन होत नाही. माझी मुलगी शाळेत जाण्याआधीच वाचायला शिकली होती. तिच्या आजोबांनी तिला वर्तमानपत्रातल्या मथळ्यांवर बोट ठेवून अक्षरं शिकवली. संध्याकाळी पाढे, रात्री गोष्ट, काही अडलं तर विचारायला घरात चार माणसं. तिला कुठल्याही शाळेत बसवलं असतं तरी ती वाचती झाली असती. तिच्या मार्कांवरून शाळा मोजाल, तर खरं म्हणजे आमचं घर मोजाल. महागड्या शाळांच्या निकालाच्या जाहिराती बघतानाही हेच मनात धरा: त्या मुलांच्या घरी काय आहे, ट्यूशन किती आहेत, आणि शाळेने त्यात स्वतःची किती भर घातली.

मग शाळा मोजायची कशावर? सरकारनेही मोजून बघितली आहे. गुजरातमध्ये 2009 साली गुणोत्सव सुरू झाला. मंत्री, अधिकारी शाळाशाळांत जाऊन मुलांचं वाचन, लेखन, गणन तपासायचे आणि शाळेला ए प्लसपासून डीपर्यंत श्रेणी मिळायची. 2019पासून गुणोत्सवाची दुसरी आवृत्ती आली, त्यात स्कूल इन्स्पेक्टर येऊन तपासणी करतात. गुणोत्सवाला नावं ठेवायला मी बसलेली नाही. त्याआधी शाळेत येणारे साहेब हजेरीपट बघायचे, इमारत बघायचे, चहा घेऊन जायचे. मुलाला समोर बसवून 'हे वाच' म्हणायची पद्धत आली, ही मोठी गोष्ट झाली. खेड्यांमध्ये 'असर' या शिक्षणाच्या सर्व्हेची माणसं 2005पासून घरोघर जाऊन दुसरीच्या पातळीचा उतारा मुलांकडून वाचून घेत आली आहेत, पण तो सर्व्हे ग्रामीण भागाचा. राष्ट्रीय पातळीवरची सर्वेक्षणं होतात, ती नमुन्याची असतात. त्यांतून जिल्ह्याचं कळतं, तुमच्या गल्लीतल्या शाळेचं नाही. तेव्हा एकेका शाळेला श्रेणी मिळते म्हटल्यावर मला आनंदच झाला होता. मी शाळा व्यवस्थापन समितीत होते आणि आमच्या शाळेची श्रेणी चांगली आली की दहा जणांना सांगायची.

आता ती गोष्ट सांगते, जिच्यामुळे मी एका शब्दात उत्तर देऊ शकत नाही.

मुलगी पाचवीत होती. तिच्या वर्गात खानदेशातून आलेल्या कुटुंबांची बरीच मुलं होती. वडील बांधकामावर किंवा फॅक्टरीत, आई चार घरची कामं करणारी. त्यातल्या एका मुलाची आई माझ्याबरोबर समितीत होती. कायद्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात, म्हणून तिचं नाव घातलेलं. मीटिंगला ती क्वचित यायची, कारण दुपारची कामं सोडून आलं की पगार कापला जायचा. रजिस्टरवर सही मात्र असायची.

गुणोत्सवाच्या आदल्या संध्याकाळी ती मला रस्त्यात भेटली. मी म्हटलं, "उद्या येताय ना? साहेब येणार आहेत." ती म्हणाली, "मी येते, पोराला ठेवते घरी. बाईंनी सांगितलंय, उद्या नका पाठवू." तिच्या बोलण्यात तक्रार अजिबात नव्हती. उलट बाईंनी आठवणीने निरोप दिला, याचं तिला बरंच वाटलं होतं. मुलाला बरं नाही का, असं मी विचारलं. "नाही, बरा आहे. त्याला वाचता येत नाही ना."

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी शाळेत गेले. फाटकाला आंब्याची पानं बांधलेली, अंगणात रांगोळी, भिंतींवर नवे तक्ते. मुलं इस्त्रीच्या कपड्यांत. माझी मुलगी पहिल्या रांगेत. मी बाईंना व्हरांड्यात बाजूला घेतलं आणि विचारलं. त्या नाकारतील असं मला वाटलं होतं. त्यांनी नाकारलं नाही.

"हो, मीच सांगितलं," त्या म्हणाल्या. "दोन वर्ग एकत्र करून बसते मी. त्यात मतदार यादीचं काम माझ्याकडे. महिनाभर मी घरोघर फॉर्म भरत होते, तेव्हा या वर्गात कोण होतं ते विचारा. हा मुलगा दिवाळीला गावी जातो तो महिन्याने येतो, होळीला जातो तो पुन्हा महिन्याने. त्याला मी कधी शिकवायचं? आणि आज त्याच्यामुळे श्रेणी खाली आली तर उद्या लोक म्हणतील, मराठी शाळा वाईट. आहेत ती मुलंही जातील. वर्ग बंद पडला तर तुमच्या मुलीला तुम्ही दुसरीकडे घालाल. हा कुठे जाणार?"

मी खूप बोलले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हटलं, "शाळा ज्याच्यासाठी आहे त्यालाच तुम्ही घरी बसवलंत." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही पाच वर्षं समितीवर आहात. कोणत्या मुलाला वाचता येत नाही, हे तुम्ही कधी विचारलंत? नळ, पंखे आणि सहलीबद्दल विचारलंत." मग गाड्या आल्या आणि आम्ही दोघी गप्प झालो. साहेबांनी मुलांना वाचायला लावलं. मुलांनी छान वाचलं. माझ्या मुलीनेही वाचलं. श्रेणी चांगली आली.

तो मुलगा दुसऱ्या दिवशी शाळेत आला. त्याला मी मधल्या सुट्टीत जवळ बसवून मराठीचं पुस्तक उघडलं. अक्षरं त्याला येत होती. जोडाक्षर आलं की थांबायचा आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून अंदाजाने शब्द ठोकायचा. त्याच्या घरी अहिराणी बोलत. 'आहे'च्या जागी तो 'शे' म्हणायचा आणि वर्ग हसायचा, म्हणून मोठ्याने वाचायचंच त्याने सोडून दिलं होतं. गणितात मात्र सुट्टे पैसे, उधारी, शंभरातून किती परत, सगळं तोंडी पटापट. वहीत त्याच गणितांची जागा कोरी. त्यानंतर तिसरीच्या एका बाईंनी त्याला मधल्या सुट्टीत घ्यायला सुरुवात केली. त्या स्वतः धुळ्याकडच्या, त्याच्याशी अहिराणीत बोलायच्या. महिन्याभरात तो ओळ वाचायला लागला. मग होळी आली, घरचे गावी गेले आणि तो परत आला नाही. वडिलांना सुरतेला काम लागलं, एवढं कळलं. हजेरीपटावर त्याचं नाव वर्ष संपेपर्यंत होतं.

आता सांगा, शाळा चांगली होती का? ज्या शाळेत एका बाईंनी त्याला घरी बसवलं, त्याच शाळेत दुसऱ्या बाईंनी त्याला वाचायला शिकवलं. श्रेणी एकच.

तेव्हाची मी अजून माझ्याशी वाद घालते. ती म्हणते, एका मुलावरून शाळा ठरवायची का? बाकीची मुलं वाचत होती ना? मी तिला म्हणते, बाकीच्यांपैकी किती जण शाळेमुळे वाचत होते? ती म्हणते, बाईंचा मुद्दा खोटा नव्हता. खरंच नव्हता. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010पासून लागू आहे. पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक हवा, असं त्यात आहे. पण साठपर्यंत मुलं असली की दोन शिक्षक पुरतात, हेही त्याच्याच परिशिष्टात आहे. पाच इयत्ता आणि दोन शिक्षक: मराठी शाळांचा पट घसरतो तसे वर्ग असे एकत्र होत जातात. शिक्षकांना शिक्षणाबाहेरची कामं द्यायची नाहीत, असंही कलम आहे, आणि त्याच कलमात जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक यांना सूट आहे. त्या महिन्यात त्या बाई कायद्याच्या बाहेर नव्हत्या. वर्ग मात्र रिकामा होता. हे सगळं मान्य करूनही त्या मुलाला घरी ठेवायला सांगणं मला मान्य होत नाही. आणि मान्य होत नाही म्हणून बाई वाईट होत्या, असंही म्हणवत नाही.

इथे कोणीतरी सयाजीराव महाराजांचं नाव काढतंच. अमरेलीत 1893 साली प्रयोग झाला, 1906 साली सगळ्या बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होता. मला त्याचा अभिमान आहे. पण तो दंड मूल शाळेत आलं नाही तर होता. मूल आलं आणि शिकलं नाही, तर कोणाला विचारायचं? एवढ्या वर्षांनीही त्याचं उत्तर आपल्याकडे नाही. महाराजांचा फोटो आचार्यांच्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या, खोलीत असला म्हणून शाळा चांगली होत नाही.

तुम्ही शाळा बघायला जाल तर माझ्या मुलीला विसरा आणि त्या मुलाला मनात धरून जा. प्रवेशोत्सवाच्या, म्हणजे नव्या मुलांच्या स्वागताच्या, दिवशी जाऊ नका, त्या दिवशी सगळ्याच शाळा सुंदर असतात. दिवाळीच्या वेकेशननंतरच्या आठवड्यात जा. वर्गात किती मुलं गैरहजर आहेत ते बाईंना विचारा आणि ती कुठे आहेत हेही विचारा. ज्या बाई सांगतील, "तो नंदुरबारला आहे, त्याच्या मामाचा फोन आला होता," त्या वर्गात मूल घालायला मी तयार आहे. पहिल्या बाकावरची वही बघू नका, शेवटच्या बाकावरची मागा. सगळ्या वह्यांत तीच उत्तरं त्याच शब्दांत असतील, तर फळ्यावरून उतरवलेलं आहे. चुकीच्या उत्तरावर नुसती फुली आहे की बाईंनी बाजूला काही लिहिलंय, ते बघा. ग्रंथालयाच्या कपाटाला कुलूप आहे का आणि पुस्तकांचे कोपरे मुडपलेले आहेत का, ते बघा. मुलींच्या संडासात पाणी आहे का ते स्वतः आत जाऊन बघा. विचारलंत तर 'आहे' असंच सांगतील. समितीचं रजिस्टर मागा आणि सही करणाऱ्या एखाद्या आईला गाठून विचारा, मीटिंगमध्ये काय झालं.

हे सगळं करूनही तुम्हाला पक्कं उत्तर मिळणार नाही, कारण बाई बदलतात, बदल्या होतात. ज्या बाईंना बघून मी पहिलीत नाव घातलं, त्यांची पुढच्याच वर्षी बदली झाली.

गेल्या आठवड्यात एका आईने फोनवर मला चिडून विचारलं, "ताई, मी माझ्या मुलासाठी शाळा शोधतेय, तुम्ही मला दुसऱ्याच्या मुलाचं काय सांगताय?" तिचा प्रश्न रास्त आहे. मी तिला म्हटलं, तुमचं मूल आज पुढे असेल. चौथीत त्याला अपूर्णांक कळले नाहीत, किंवा काविळीने महिनाभर घरी राहिलं, की शेवटच्या बाकावर तेच असेल. तिला ते पटलं की नाही, मला माहीत नाही. तिने अजून नाव घातलेलं नाही. परवा ती आमच्या जुन्या शाळेत जाणार आहे आणि मला बरोबर ये म्हणते. मी जाणार आहे. पाचवीच्या त्या बाई अजून तिथेच आहेत.