लाकडी मुठीचा घडीचा चाकू: भेगा, तेल आणि साठवण

जुन्या धाटणीच्या घडीच्या चाकूत पात्याआधी बहुधा मूठ दगा देते. लाकूड हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगते-आकसते, पण त्याखालची पितळी पट्टी आणि रिव्हेट (लाकूड पट्टीला जखडणारे धातूचे खिळे) तशीच राहतात. म्हणून भेग अनेकदा रिव्हेटपासूनच सुरू होते. स्नेकवुड आणि एबनी ही लाकडे यात सर्वांत नाजूक; विकत घेताना रिव्हेटभोवती भिंग लावून पाहाच. कोकोबोलो हे लाकूड मुळातच तेलकट, त्यामुळे बराच निर्धास्त. त्यावर जवसाचे तेल लावू नये, ते नीट वाळत नाही आणि चिकट थर उरतो. थोडे मेण पुरते. हे लाकूड घासताना मास्क हवाच, त्याच्या भुशाने त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो.

ऑलिव्ह, अक्रोड अशा लाकडाला मात्र ‘बॉइल्ड’ (लवकर वाळणारे, तयार मिळणारे) जवसाचे तेल छान मुरते. दोन-तीन थेंब बोटाने चोळा, 15 मिनिटांनी उरलेले पुसा, किमान 24 तास वाळू द्या. तेलाची चिंधी चुरगळून ठेवू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते, पसरून वाळवा.

सांध्यात खनिज तेलाचा एकच थेंब. खाद्यतेल कालांतराने घट्ट होते आणि पाते अडखळते.

कार्बन स्टीलच्या (गंज धरणाऱ्या साध्या पोलादाच्या) पात्यावरचा करडा थर राहू द्या, तांबडा गंज तेवढा लगेच काढा. आणि चाकू चामड्याच्या म्यानात महिनोन्‌महिने ठेवू नका: चामडे ओल धरते, त्यातली आम्ले पाते खातात.