दुखले नाही

आज सकाळी राजहंसगडावरून उतरून वडगावला घरी आले, पायरीवर बसून मोजे काढले आणि उजव्या अंगठ्याचे नख मोज्याबरोबरच निघून आले. दुखले नाही. काळसर जांभळे, कडेला पिवळट, चिंचोक्याच्या टरफलासारखे ते नख कितीतरी वेळ तळहातावर घेऊन बसले होते. इतके आठवडे मी त्याला पट्टी बांधली, गर्दीत कुणाचा पाय पडू नये म्हणून पाऊल आत ओढून घेतले. आणि ते माझ्यापासून केव्हाच सुटले होते, हे मला कळलेही नाही.

कारण मला ठाऊक आहे. उतारावर पाऊल बुटात पुढे सरकते, अंगठा पुन्हा पुन्हा बुटाच्या टोकावर आपटतो, नखाखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि साकळलेले रक्त नखाला हळूहळू वर उचलते. पाय दिवसभरात थोडे सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी घ्यावेत आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडावी, हे जूनमध्ये कुणी सांगितले असते तर! त्या पावसात भिजलेले मोजे घालून मी त्याच उतारावरून रविवारमागून रविवार धावले.

काळे पडले तेव्हा मात्र भलतीच भीती बसली होती. मुळापासून टोकापर्यंत उभा काळा पट्टा आला, तो रुंदावत गेला किंवा रंग नखाच्या मुळाशी कातडीवर पसरला, तर तो क्वचित कर्करोगही असतो, असे टिळकवाडीतल्या डॉक्टरांनी सांगितले. माझा डाग नखाबरोबर पुढे सरकत होता आणि त्याच्या मागे स्वच्छ नख दिसत होते. त्या दोन रात्रींविषयी इथे लिहीत नाही. जोडवी काढून ठेवली त्यावरून वहिनी जे बोलल्या, तेही नाही.

पण दुखले कसे नाही? दुखले असते तर निदान निरोप घेतल्यासारखे वाटले असते. दुपारभर हेच मनात घोळत राहिले आणि मग आबांचे पाय आठवले. यळ्ळूरच्या शिवारात भाताची लावण चालू असली की त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत, आई रात्री कोमट तेलात हळद कालवून लावत असे आणि पहाटे ते पुन्हा चिखलात उतरत. त्यांच्या डाव्या अंगठ्याचे नख शिंगासारखे जाड आणि पिवळे होते. बासमतीचा वास घरभर दरवळायचा, तो आम्हा सगळ्यांना आवडायचा. त्या नखाविषयी, दुखते का म्हणून, मी एकदाही विचारले नाही.

नव्या नखाची मुळाशी जेमतेम चार मिलिमीटरची कोर आली आहे, पातळ आणि थोडी खडबडीत. पायाचे नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढते. अंगठ्याचे पूर्ण भरायला 12 ते 18 महिने लागतात. म्हणजे पुढची लावण होऊन जाईल, कदाचित सुगीही. तोवर हा अंगठा असाच उघडा राहील आणि मी त्याच्यासह धावेन, टाच हलणार नाही अशी नाडी आवळून.

जुने नख कागदात गुंडाळून खिडकीत ठेवले आहे. दिवेलागणीनंतर नख बाहेर टाकू नये, असे आई म्हणायची; म्हणून आजची रात्र ते तिथेच राहील.