24 लाखांची ऑफर, हातात किती?

पुण्यातल्या एका सास (इंटरनेटवरून वर्गणीवर सॉफ्टवेअर देणाऱ्या) कंपनीत प्रॉडक्ट मार्केटिंग मॅनेजरची जागा होती. एचआरने फोनवर आकडा सांगितला, 24 लाख सीटीसी, म्हणजे कंपनी आपल्यावर वर्षाला करणार तो एकूण खर्च. फोनवर हो-नाही काहीच बोललो नाही, या आकड्याची फोड दाखवणारी ब्रेकअपची शीट मेलवर मागवली. खरी घासाघीस त्या शीटवरूनच होते.

व्हेरिएबल, म्हणजे टार्गेटवर अवलंबून असलेला पगाराचा भाग, 15 टक्के, म्हणजे 3,60,000. बेसिक महिना 80,000. कंपनीच्या वाट्याचा पीएफ बेसिकच्या 12 टक्के, वर्षाला 1,15,200, ग्रॅच्युइटी 4.81 टक्के, 46,176. दोन्ही सीटीसीतच धरलेले. व्हेरिएबल आणि हे दोन्ही वजा केलं की महिन्याचा ग्रॉस (कपातीआधीचा पगार) 1,56,552. त्यातून आपल्या वाट्याचा पीएफ 9,600, प्रोफेशनल टॅक्स 200 (फेब्रुवारीत 300) आणि नव्या करप्रणालीच्या 2025-26 च्या स्लॅबने टीडीएस (पगारातूनच कापला जाणारा आयकर) 13,900 च्या आसपास. उरले साधारण 1,32,800. चोवीसला बाराने भागून दोन लाखांची स्वप्नं बघणाऱ्याचा पहिल्याच पगाराला विरस होतो तो यामुळे.

मग व्हेरिएबल. आमच्या कामात सगळ्यात जास्त कुरबुर याचीच. टार्गेट बहुतेकदा सेल्सच्या पाइपलाइनला, म्हणजे होऊ घातलेल्या सौद्यांना, बांधलेलं असतं. पोझिशनिंग (प्रॉडक्ट कोणासाठी आणि का, याची मांडणी) आपण लिहायचं, पण डील बंद करणं आपल्या हातात नाही. म्हणून तीन गोष्टी लेखी विचारल्या: गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष किती टक्के वाटलं, पैसे वर्षाअखेरीस मिळतात की तिमाहीला, आणि नोटीस पिरियडमध्ये असलेल्याला मिळतात का. तिसऱ्याचं उत्तर बहुधा 'नाही' असतं आणि पॉलिसीच्या पीडीएफमध्ये कुठेतरी तळाशी सापडतं.

सीटीसी वाढवून मागितला की एचआर बजेटचं कारण पुढे करतं. त्यापेक्षा सीटीसी तोच ठेवून व्हेरिएबल 10 टक्क्यांवर आणायला सांगणं सोपं; बजेटला धक्का लागत नाही. महिन्याला ग्रॉस 10,000 ने वाढतो, कर कापून 7,900 च्या आसपास हातात येतात. हे मान्य झालं.

ग्रेडचा बँड, म्हणजे त्या ग्रेडला किमान ते कमाल किती पगार, हेही विचारावं. त्याच लाँचवर राबणाऱ्या प्रॉडक्ट मॅनेजरचा पगार कळला की मार्केटिंगवाल्याच्या पोटात दुखतं, हे उघड गुपित आहे. पण तुलना पदाच्या नावाशी करून उपयोग नाही, ग्रेडशी करावी. बँडच्या वरच्या टोकाला घेतलं असेल तर पुढच्या एप्रिलला इन्क्रिमेंट तुटपुंजं मिळणार, हे धरून चालायचं.

वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास जॉइनिंग बोनस परत करावा लागतो. तो ग्रॉस परत करायचा की कर कापून हातात आलेला, हा शब्द ऑफर लेटरमध्ये घालून घेतला. 90 दिवसांच्या नोटिशीचा बायआउट (नोटीस पूर्ण न करता निघाल्यास भरावे लागणारे पैसे) नवी कंपनी देणार असेल, तर जुनी कंपनी वसुली बेसिकवर करते की ग्रॉसवर, हे आधी जुन्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये बघून ठेवावं. राजीनामा मात्र सही झालेलं लेटर हातात पडल्यावरच.