भिंतीला पाठ

"तुम्ही नेहमी भिंतीलाच पाठ लावून का बसता हो?" चवथीची आरती असो, लग्नाची पंगत असो, ओळखीचं कोणीतरी हे विचारतंच. 'कंबर दुखते' म्हणून मी आजवर वेळ मारून नेली. पुन्हा तुम्ही विचारलंत म्हणून खरं ते सांगते.

चौथीत आम्हाला एक मास्तर होते. पाढे म्हणून घेताना ते समोर नसायचे, रांगांच्या मागून फिरायचे. सतराच्या पाढ्यात कोणी अडखळलं की त्याच्या पाठीशी पावलं थांबत आणि फूटपट्टीची कड कानामागे बसे. 'त्या मारानेच आपण घडलो' असं आमच्या वर्गातले काही जण अभिमानाने सांगतात. मला सतराचा पाढा अजून येत नाही.

आज मी बावन्न वर्षांची आहे. तरी मागे कोणी थांबलं की मान आखडते, तळवे ओले होतात. एकदा मुलगा प्रगतिपुस्तक दाखवायला मागून आला, खांद्यावर हात ठेवला, आणि मी वळून त्याच्या हातावर फटका मारला. नऊ वर्षांचा होता. त्याच आठवड्यात पणजीला समुपदेशक बाईंकडे गेले.

हल्ली सासूचा फोन आला तरी लोक 'ट्रिगर' म्हणतात. जुनी भीती एकदम जागी करणाऱ्या गोष्टीला मला आपला 'खटका' हा शब्द बरा वाटतो. घरात उडतात तेही खटकेच की.

बाईंनी महिनाभर वहीत नोंदी करायला लावल्या. त्यातून कळलं की मागून जाणाऱ्यांचं मला काहीच वाटत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कितीतरी माणसं मागून घासून जातात. पावलं थांबली तरच खटका पडतो. मेंदूत अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग आहे. काय घडतंय ते आपल्याला नीट उमगायच्या आत तो अंगाला सावध करतो. म्हणून 'अगं, इथे कुठे मास्तर?' ही समजूत दर वेळी उशिरा पोचायची.

मग अंगालाच शिकवायचं ठरलं. मी स्वयंपाक करताना यांनी मागे उभं राहायचं. आधी सांगून एक मिनिट, पुढे पाच, मग न सांगता. हे पेपर वाचत उभे राहायचे आणि माझ्या हुमणात, म्हणजे माशांच्या आमटीत, मीठ दोनदा पडायचं. तीन महिन्यांनी मान आखडेनाशी झाली. कचेरीत मात्र शिपाई फाइल घेऊन मागे थांबला आणि माझ्या हातातला चहा सांडला. सगळं फुकट गेलं म्हणून मी रडले.

बाईंनी पावलोव या रशियन शास्त्रज्ञाच्या कुत्र्यांचं सांगितलं. खाण्याआधी रोज एक खूण केली की पुढे नुसत्या खुणेनेच त्यांना लाळ सुटे. खाणं न देता खूण पुनःपुन्हा केली की लाळ थांबे, पण काही वेळ मध्ये गेला की तीच खूण पुन्हा लाळ आणी. जुनं पुसलं जात नाही, शेजारी नवं लिहिलं जातं. आणि ते नवं जागेला चिकटून राहतं, स्वयंपाकघरातलं कचेरीत आपोआप येत नाही. म्हणून शिपायालाही विश्वासात घेतलं. तो आता खोकून येतो, लबाड!

फेरीबोट राहिली होती. सोमवारी रायबंदरहून चोडणला येताना कठडा सोडून मुद्दाम मध्ये उभी राहिले. मागे पावलं थांबली. मान आखडलीच. वळून बघितलं, तर पाटी घेतलेली मासळीवाली.

"मात्शें सर गो बाय."

सरले.