हेप्टन्स्टॉलच्या खिडक्या

इंग्लंडमधील वेस्ट यॉर्कशरमध्ये, काल्डर नदीच्या खोऱ्याच्या वर, डोंगरमाथ्यावर हेप्टन्स्टॉल नावाचे लहानसे गाव आहे. या गावाचा इतिहास मला सर्वांत स्पष्ट दिसतो तो तिथल्या जुन्या घरांच्या खिडक्यांमध्ये. काळवंडलेल्या दगडी भिंतीत, वरच्या मजल्यावर, दगडी दांड्यांनी विभागलेल्या अरुंद तावदानांची सलग रांग दिसते. तिथे हातमाग असे आणि दिवसाचा जितका उजेड आत येईल तितका वेळ काम चाले. लोकरीच्या कापडावर जगणाऱ्या माणसांनी आपली घरेच कामाच्या गरजेनुसार बांधली होती.

शेती होती, पण ती पोटापुरतीही नसे. जमीन निकस, पाऊस अतोनात आणि ओटखेरीज फारसे काही पिकत नसे. त्यामुळे दोन-चार गुरे, थोडी जमीन आणि घरात माग असा संसार इथे रूढ झाला. हेप्टन्स्टॉल त्या काळी जवळच्या हॅलिफॅक्स या नगराच्या विस्तीर्ण पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या अखत्यारीतील मुलखात, मोडत असे. 1552 च्या एका कायद्याने लोकरीच्या मध्यस्थांवर बंधने आली, तेव्हा या भागातील विणकर अडचणीत आले, कारण लोकर एकदम मोठ्या प्रमाणात विकत घेण्याची त्यांची ऐपत नव्हती. 1555 मध्ये खास हॅलिफॅक्ससाठी सवलतीचा कायदा झाला. इथली गरीब माणसे घोडा बाळगू शकत नाहीत, थोडी थोडी लोकर विकत घेतात आणि ती डोक्यावर-पाठीवर लादून तीन ते सहा मैल चालत घरी आणतात, असे त्या कायद्याच्या प्रस्तावनेतच नमूद केले आहे. गेल्या चाळीस वर्षांत इथे पाचशेहून अधिक कुटुंबे वाढली, हेही त्यात म्हटले आहे. सरकारी कागदात सामान्य माणसाच्या पाठीवरचे ओझे इतक्या थेटपणे क्वचितच उतरते, म्हणून ही प्रस्तावना मला मोलाची वाटते.

इथले मुख्य कापड म्हणजे कर्सी: जाडेभरडे, अरुंद आणि एकट्या विणकराला विणता येईल असे. मुले लोकर पिंजत, बायका सूत कातत आणि पुरुष मागावर बसे. विणलेले कापड खाली ओढ्याकाठी नेले जाई. तिथे पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे ते ओले कापड कुटत, आणि तंतू एकमेकांत गुंतून कापड आटत, दाट होत जाई. लोकरीतला चिकटपणा काढण्यासाठी साठवून ठेवलेले मूत्र वापरत. मग ते ठाण उघड्यावर लाकडी चौकटींवर आकड्यांनी ताणून वाळत घालत. रात्रभर बाहेर राहणाऱ्या या कापडाची चोरी हॅलिफॅक्समध्ये अत्यंत कठोरपणे हाताळली जाई. साडेतेरा पेन्स किंवा त्याहून अधिक किमतीचा माल चोरणाऱ्याचे डोके तिथल्या यंत्राने उडवले जाई आणि ही शिक्षा 1650 पर्यंत चालू होती.

हेप्टन्स्टॉलला 16 व्या शतकात स्वतःचा कापडबाजार होता. त्याची इमारत अजून उभी आहे. पुढे 1 जानेवारी 1779 रोजी हॅलिफॅक्समध्ये पीस हॉल उघडला. 'पीस' म्हणजे कापडाचे ठाण. एका विशाल चौकाभोवती 315 खोल्या आणि तिथे घराघरांत विणलेल्या मालाची विक्री. हे वैभव घरगुती मागाचे होते, पण डर्बीशरमधील क्रॉमफर्ड येथे पाण्यावर चालणारी सूतगिरणी त्याआधीच, 1771 मध्ये, सुरू झाली होती.

गिरणीला वाहते पाणी हवे आणि ते डोंगरमाथ्यावर नव्हते. 1804 मध्ये रॉचडेल कालवा आणि 1841 मध्ये रेल्वे, दोन्ही खोऱ्यातूनच गेले. नदीकाठचे हेब्डन ब्रिज वाढत गेले आणि फस्टियन या जाड सुती कापडासाठी नावाजले. हेप्टन्स्टॉल मात्र होते तिथेच राहिले. आज ज्या जुनेपणाचे कौतुक होते, तो या आर्थिक ओहोटीमुळे टिकला आहे, हे विसरून त्या गल्ल्यांकडे पाहणे मला योग्य वाटत नाही.

बट्रेस नावाची दगडी, उभी वाट अजूनही हेब्डन ब्रिजच्या पुलापासून गावाकडे चढते. एके काळी त्या वाटेने घोड्यांच्या पाठीवरून ठाणे उतरत; नंतर माणसेच गिरणीच्या कामाला उतरू लागली. हिवाळ्यात ती अंधारात निघत आणि अंधारातच परतत. वरच्या मजल्यावरच्या त्या रुंद खिडक्यांतून उजेड पूर्वीसारखाच आत येत राहिला, पण मागावर कोणी नसे.