सायबाच्या वाटेवर, टाचेत दोरा

गोंयच्या सायबाकडे, म्हणजे जुन्या गोव्यातल्या संत फ्रान्सिस शाविएरकडे, चालत जाणारं माणूस काहीतरी मागायला जातं. कुणी मूल मागतं, कुणी आखातातली नोकरी, कुणी आईच्या गुडघ्यांसाठी चालतं. मी यंदा भरभराट मागायला निघाले होते. हे बोलून दाखवायला आमच्या लोकांना उगाच संकोच वाटतो, जणू देवाकडे फक्त दुखणीच न्यायची असतात. माझा काजूचा छोटा कारखाना आहे. बॉयलर आणि ड्रायरचं कर्ज आहे. बीच्या फोडणीला आणि गराच्या सोलणीला बसणाऱ्या बायका आहेत, त्यांची मुलं शाळा-कॉलेजात आहेत. धंदा चालला तर या सगळ्यांचं चालतं. मग ते मागायला लाज कसली?

मे महिन्यात एका मोठ्या खरेदीदाराची ऑर्डर हातची गेली होती. त्याला आफ्रिकेतल्या बीचा गर हवा होता, पण पिशवीवर वेंगुर्ल्याचं नाव छापून. आफ्रिकेतली बी वाईट असते असं नाही. आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानियाची बी कोकणातले कितीतरी कारखाने घेतात, कारण आपली बी वर्षभर पुरत नाही. पण वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे, त्या नावाखाली दुसरंच काही विकायचं म्हणजे आमच्याच शेतकऱ्याच्या घामाची चोरी. मी नाही म्हटलं. ऑर्डर गेली, आणि तेव्हापासून प्रत्येक हप्ता ओढून-ताणून भरते आहे. त्यामुळे सायबाशी माझं बोलणं या वर्षी थोडं कडक होतं. मी खरी वागले, आता तुझी पाळी, असंच काहीसं.

निघायच्या पहाटे चर्चमध्ये मिस्सा झाली. फादरनी बायबलमधल्या पेत्राच्या दुसऱ्या पत्रातला उतारा वाचला. विश्वासात सात्त्विकतेची भर घाला, सात्त्विकतेत ज्ञानाची, ज्ञानात इंद्रियदमनाची, इंद्रियदमनात धीराची, आणि असं करत शेवटी प्रीतीपर्यंत. हा उतारा आई आम्हाला पाठ म्हणायला लावायची, आणि सुभक्तीनंतर बंधुप्रेम येतं की आधी, यावर भावंडांची भांडणं व्हायची. त्या पहाटे थंडीत उभी राहून ऐकताना मला पहिल्यांदा जाणवलं की या सगळ्या यादीत पैसा कुठेच नाही.

मग चालणं. पुढे झेंडूच्या माळा घातलेला खुरीस, म्हणजे क्रूस, मागे आम्ही, मध्ये स्पीकर. तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, स्पीकरवर का म्हणायची हे मला कधीच पटलेलं नाही. ट्रक कानाशी हॉर्न वाजवतो, त्याच्यावर ताण म्हणून आमचा माणूस 'नमान मोरिये' आणखी ओरडून म्हणतो, आणि माझ्या हातातला मणी कुठला होता तेच विसरायला होतं. दोनदा जाऊन सांगितलं, बाबा रे, आवाज कमी कर. त्याने हो म्हणून मान हलवली आणि आवाज तेवढाच ठेवला. चौपदरी झाल्यापासून हमरस्त्यावर सावलीही राहिलेली नाही. लहानपणी पप्पांबरोबर चालताना झाडाखाली बसत बसत जायचो, आता झाड गाठायला रस्ता सोडून आत जावं लागतं. बांदा कधी गेलं कळलं नाही. पत्रादेवीला 1955 सालच्या सत्याग्रहींच्या स्मारकापाशी पाणी प्यायलो, खुरसाची फुलं नीट केली आणि गोव्यात शिरलो.

मालपेचा चढ संपला तोवर ऊन कलायला लागलं होतं आणि माझा पाय कामातून गेला होता. सँडलचा मागचा पट्टा एका बाजूने उसवून टाचेवर घासत होता. त्याखाली अख्ख्या लिंबाएवढा फोड आलेला. उजव्या अंगठ्याखाली दुसरा. पाऊल टाकलं की कळ थेट मांडीपर्यंत. आमची माणसं पुढे गेली. थांबा म्हणायची हिंमत झाली नाही, आणि ती थांबली नाहीत याचा रागही आला. मी रस्त्याच्या कडेने एकटी जात होते, तेर्स थांबलेली, डोळ्यांत पाणी. देवाचं नावसुद्धा तोंडात येत नव्हतं.

धारगळच्या अलीकडे पत्र्याच्या एका दुकानात एक वयस्क शिंपी दप्तराची चेन बदलत बसला होता. बाहेर ताडपत्र्यांच्या गुंडाळ्या. त्याने चष्म्यावरून बघितलं आणि मशीन थांबवली.

"बस गे बाय. पाय धड दिसणा नाय तुझो."

मी म्हटलं, थांबले तर माझी माणसं पुढे जातील. तो म्हणाला, तशी गेलीस तर ती जुन्या गोव्यातसुद्धा भेटायची नाहीत. मग उठून दुकानामागच्या घराकडे काहीतरी ओरडला. थोड्या वेळाने त्याची बायको कोमट पाण्याची बादली घेऊन आली, मूठभर मीठ टाकलेली. पाय आत घातले आणि मी ओठ चावला. ती माझ्या बाजूला जमिनीवर बसली, काही विचारलं नाही, नुसती बसली. अंगणातल्या तुळशीला लग्नात बांधलेला ऊस अजून तसाच होता, वाळून पिवळा पडलेला.

पाय पुसून झाल्यावर शिंप्याने बारीक सुई काढली, लायटरच्या ज्योतीवर धरली, पांढरा दोरा ओवला, आणि फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने अलगद बाहेर काढली. दुखेल म्हणून मी डोळे मिटले होते, पण कळलंसुद्धा नाही. पाणी वाहायला लागलं. दोन्हीकडे बोटभर दोरा ठेवून त्याने कापला.

"दोरो तसोच रवांदे. वायच वायच गळतला. ओढून काढू नको."

मग वर खोबरेल तेल आणि धुतलेल्या धोतराची चिंधी. दुसऱ्या फोडालाही तसंच. हे चालू असताना एक बाई मुलाचं दप्तर न्यायला आली. झालं नाही म्हटल्यावर बरंच बोलली, उद्या शाळा आहे, सकाळी देतो म्हणाला होतास. त्याने सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडे बोट दाखवून सबब सांगितली नाही. "दिवेलागणीक घरी आणून दितंय," एवढंच म्हणाला. त्याच्या बायकोने मला उकड्या तांदळाची पेज आणि खारातली कैरी दिली. मीठ जास्त झालेली ती कैरी मी चोखून चोखून खाल्ली.

पट्टा शिवताना त्याने विचारलं, "सायबाकडे काय मागतलंस?"

"धंदो चलूक व्हयो," मी म्हटलं.

"माग, माग," तो म्हणाला, आणि दाभणाने चामड्यातून जाड दोरा ओढत राहिला.

निघताना मी शंभराची नोट पुढे केली. त्याने गल्ला चाचपला, सुटे नव्हते. शेजारच्या पंक्चरवाल्याकडे जाऊन मोडून आणले आणि नव्वद रुपये माझ्या हातात ठेवले. पट्ट्याचे दहा. मी खूप आग्रह केला, औषधपाणी केलंत, जेवायला घातलंत, राहू दे. तो चक्क रागावला.

"कामाचे पैशे घेतंय. पायाचे कसले?"

पुढचे कित्येक तास मी त्या दहा रुपयांचा विचार करत चालले. त्याने फुकट शिवून दिलं असतं तर मी आभार मानले असते आणि विसरले असते. शंभर ठेवून घेतले असते तरी बिघडलं नसतं. पण कामाला दाम आणि माणसाच्या दुखण्याला दाम नाही, ही रेघ त्याच्या मनात इतकी स्पष्ट होती की त्याला क्षणभरही थांबून विचार करावा लागला नाही. पहाटे वाचलेल्या यादीतलं इंद्रियदमन, धीर, बंधुप्रेम, सगळं त्या पत्र्याखाली हजर होतं. तो माणूस ख्रिस्ती नव्हता. यात मला कसलीच अडचण वाटत नाही. जखमेला तेल लावणाऱ्या, परक्या पंथाच्या शोमरोनी माणसाची गोष्ट ज्या येशूने सांगितली, त्याच्याच मागे मी चालते आहे.

रात्री चर्चच्या हॉलमध्ये झोपायची सोय होती. आमच्यात एक तरुण होता, तो हल्ली कुठल्याशा प्रार्थनासभेला जातो. माझ्या कर्जाचं त्याला कुणीतरी सांगितलं असावं. म्हणाला, ताई, तुमचा विश्वास अपुरा पडतोय, नाहीतर देव आपल्या लेकरांना कर्जात ठेवत नाही. दान पेरा, शंभरपट उगवेल. मला इतका संताप आला की झोप उडाली. प्रेषित पौल तंबू शिवून पोट भरायचा, करिंथला अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून हातांनी काम करायचा, त्याचा विश्वास अपुरा होता का? तुरुंगात होता तेव्हा काय कमी पेरलं होतं त्याने? मी हे बोलले, मोठ्याने बोलले, आजूबाजूची दोन माणसं उठून बसली. देवाला व्याजाने पैसे देता येत नाहीत. भरभराट येते, मी बघितली आहे. माझ्या वजनकाट्यावर वैधमापनाचा शिक्का आहे आणि बीचे पैसे मी त्याच दिवशी देते, म्हणून डोंगरावरची माणसं दोन घाऊक दुकानं ओलांडून माझ्याकडे पोती आणतात. सोलणीच्या बायका वर्षानुवर्षं सोडून गेल्या नाहीत, म्हणून माझ्या गरात तुकडा कमी निघतो आणि 240 चा, म्हणजे मोठ्या अख्ख्या गराचा, माल जास्त. ही शिल्लक देवाचीच, पण ती स्वभावाच्या वाटेने येते, आणि सावकाश येते. चार किलो बी फोडली की किलोभर गर हाती लागतो, तसं.

सकाळी तोच मुलगा खुरीस खांद्यावर घेऊन गायला लागला. त्याचा आवाज असा आहे की त्याच्यावरचा राग धरून ठेवता येत नाही. म्हापसा, पर्वरीची धूळ, मांडवीचा पूल, सगळं त्याच्या मागे मागे गेलं. रायबंदरच्या जुन्या बांधावर वारा लागला आणि टाचेतला दोरा कुठेतरी गळून पडला.

जुन्या गोव्यात पाय ठेवायला जागा नव्हती. सायबाच्या देहाचं दहा वर्षांनी होणारं दर्शन 2024 च्या अखेरीस होऊन गेलं होतं, तरी गर्दी तेवढीच. खाज्यांची दुकानं, नवसाला वाहायचे मेणाचे हात-पाय, मेणाची बाळं, मेणाची घरं. बॉम जेजूच्या चर्चमध्ये रांगेत उभी असताना मला फ्रान्सिस शाविएर पॅरिसमधला दिसत होता. हुशार, उमदा, मोठ्या पदाची स्वप्नं बघणारा सरदारपुत्र. त्याच्या खोलीत राहायला आलेला इग्नात लोयोला त्याला तेच तेच विचारायचा, मनुष्याने सारं जग मिळवलं आणि आपला जीव गमावला तर त्याला काय लाभ? त्या प्रश्नाने त्याला इथे आणलं. 1542 साली गोव्यात उतरला आणि मोठ्या घरात न राहता इस्पितळातल्या रोग्यांजवळ राहिला. अधिकारी लोकांना लुबाडतात हे थेट राजाला पत्रांतून कळवलं. त्याची चांदीची पेटी माझ्या डोक्यापेक्षा कितीतरी वर होती, आणि मला त्याच्याशी भांडावंसं वाटेना.

मी मागायचं ते मागितलं. काहीही गाळलं नाही, फक्त क्रम बदलला. आधी माझा काटा खरा राहू दे. मग काजूच्या टरफलाच्या चिकाने भाजलेले बायकांचे हात बरे होऊ देत, आणि चांगले हातमोजे घेण्याइतकी शिल्लक या महिन्यात पडू दे. मग सरळ नावाने माल घेणारा गिऱ्हाईक. मग कर्ज. मेणबत्ती लावली, खाजे घेतले, त्यातले थोडे शिंप्यासाठी वेगळे बांधले.

परतीची गाडी धारगळहून जाताना ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. दुकान बंद होतं, पुडी त्याच्या बायकोच्या हातात दिली. गाडीत परत चढते तोवर कारखान्यातून फोन.

"ताई, बॉयलर कधी पेटवायचो?"

"उद्या सातला," मी सांगितलं. "आणि पहिल्यांदा फोडणीच्या बायकांच्या हातांची मापं घेऊन ठेव."